दांडीवरचा मानमरातब

एखाद्या कुटुंबाची खरी राज्यव्यवस्था समजून घ्यावयाची असेल, तर त्या घराच्या दिवाणखान्यात बसून चहा पिण्यात वेळ दवडू नये; सकाळी दहाच्या सुमारास मागील दारी जावे आणि वाळत घातलेल्या धुण्याकडे स्वस्थ चित्ताने पाहत उभे राहावे, असे माझे, आता पंचाहत्तरीच्या घरात पोचल्यावर, मत बनले आहे. दिवाणखान्यात घर जेवढे दाखवू इच्छिते तेवढेच दिसते. दांडीवर मात्र कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या आड, कोणाच्या वाट्याला ऊन आणि कोणाच्या वाट्याला नुसता वारा, याची सगळी जमाबंदी उघड्यावर मांडलेली असते, आणि ती वाचावयास मोडी यावी लागत नाही.

माझे बालपण वाईच्या एका वाड्यात गेले. कृष्णेचा घाट हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मोठे धुणे घाटावर आणि बारीकसारीक धुणे विहिरीवर, अशी कामाची वाटणी होती. वाळवण्याची व्यवस्था मात्र वाड्यातच होती, आणि ती इतकी काटेकोर की दरबारात मानकऱ्यांच्या बैठका लावणाऱ्या एखाद्या मुरब्बी कारभाऱ्यानेही माझ्या आजीकडे वर्षभर उमेदवारी करावी. सर्वांत वरची, आढ्यालगतची दांडी सोवळ्याची. तिच्यावरचे वस्त्र काठीने घालावयाचे आणि काठीनेच काढावयाचे. ती काठी भिंतीशी उभी असे, आणि तिला ओवळ्याने हात लावल्याबद्दल मी लहानपणी जेवढा मार खाल्ला तेवढा त्रैराशिकासाठीही खाल्ला नाही. त्याखालोखाल अंगणातली तार. तिच्यावर पुरुषांची धोतरे आणि सदरे, हातपाय पसरून, माध्यान्हीच्या उन्हाचे वतनदार असल्याच्या थाटात. त्यांच्यामागे लुगडी, मग उपरणी व पंचे, घरात तान्हे मूल असेल त्या वर्षी कुंच्या, टोपडी आणि दुपटी, आणि सर्वांत शेवटी, गोठ्याच्या कुडाला खेटून, लंगोट.

आता या दरबारातील गंमत पाहा. सदरा करतो काय? चारचौघांत मिरवतो, आणि त्यावर वरणाचा एक शिंतोडा उडाला तरी घरभर हलकल्लोळ होतो. उलटपक्षी लंगोट जी चाकरी बजावतो ती बजावण्याची कोणा सदऱ्याची प्राज्ञा नाही. परंतु जे वस्त्र अंगाला जितके निकट आणि ज्याची चाकरी जितकी अवघड, त्याच्या वाट्याला ऊन तितके कमी, असा एक अलिखित कायदा त्या अंगणात अंमलात होता, आणि अलिखित असल्यामुळेच त्याची तामिली अत्यंत कसोशीने होत असे. किंबहुना एक वस्त्र असे होते की ते या दरबारात कधी हजरच नसे. त्याचे नाव मला वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. त्याची हकीकत यथावकाश येईल.

प्रारंभ हातरुमालापासून करतो, कारण त्याच्याशी माझा संबंध दुहेरी आहे. ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा, अशी फारसीत या शब्दाची फोड आहे. पण पेशवे दप्तराशी ज्याचा ओझरता तरी परिचय झाला आहे त्याला ठाऊक असते, की रुमाल म्हणजे ज्यात कागदपत्रे बांधून ठेवीत ते चौकोनी फडके, आणि पुढे पुढे त्या फडक्यात बांधलेला गठ्ठाच. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासून पुढील चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, ते अशाच रुमालांच्या गाठी सोडून. मी स्वतः एका जिल्ह्याच्या ठिकाणी जुन्या कागदांच्या खोलीत ३१ वर्षे कारकुनी केली असून रुमालाची दप्तरी गाठ मला अजून डोळे मिटून मारता येते. दप्तरातला रुमाल पन्नास-पन्नास वर्षे कोणी धूत नाही, आणि त्यावाचून राज्यकारभारात कोठे व्यत्यय आल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा खिशातला रुमाल आठ-दहा दिवस धुतला नाही तर काही बिघडते, अशी माझी समजूत नव्हती. ही भूमिका विवाहानंतर तिसऱ्या दिवशी रद्दबातल ठरली.

आमच्या सौभाग्यवतींनी रुमालांची जी प्रतवारी लावून दिली ती आजतागायत चालू आहे. घामाचा रुमाल थेट साबणात. सर्दीचा रुमाल आधी मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, आणि त्यानंतरच साबणाच्या दर्शनाला. पान खाऊन तोंड पुसलेल्या रुमालाविषयीचे कलम सर्वांत संक्षिप्त होते: ‘तो तुमचा तुम्ही धुवायचा.’ अमेरिकेत १९२४ साली क्लीनेक्स नावाचा कागदी रुमाल निघाला, तो मुळात स्त्रियांनी तोंडावरचे क्रीम पुसावे म्हणून. लोक त्यात नाक शिंकरू लागले तेव्हा कोठे आपला माल कशासाठी आहे याचा कंपनीला उलगडा झाला. तसल्या कागदांचा एक नक्षीदार डबा आमच्याही टेबलावर असतो. पाहुण्याने एक कागद ओढला तर सौभाग्यवती स्मित करतात. दुसरा ओढला तर ते स्मित तसेच राहते, पण डब्याचे तोंड भिंतीकडे वळते.

कापडाच्या हयातीविषयी येथे दोन शब्द बोलणे अवश्य आहे. सरकारी नोकरीत मनुष्य उमेदवारापासून चढत चढत अव्वल कारकून होतो आणि चढत्या पायरीगणिक त्याचा उपयोग कमी कमी होत जातो, हा माझा अनुभव. कापडाचा प्रवास नेमका याच्या उलट. जन्मतः ते एखाद्या मंगळागौरीचे लुगडे असते. दहा-बारा वर्षांनी त्याचे जुनेर होते. जुनेर फाडून धडपी होतात, धडप्यांतून बाळंतिणीच्या खोलीसाठी दुपटी आणि लंगोट निघतात, लंगोट विटले की फडकी, फडकी काळी पडली की चुलीपाशी मसोते, आणि मसोत्याची अखेर पोतेऱ्यात. नव्या कोऱ्या कापडात खळ असते, कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतो, म्हणून ते पाण्याला नीट जवळ करीत नाही. धुवून धुवून तो ताठा उतरला म्हणजे कापड मऊ होते आणि पाणी पिऊ लागते. आजी नवे कापड बाळाच्या अंगाला लावू देत नसे ते यामुळेच, जरी तिने कारण विचारल्यावर ‘टोचतं ते’ याहून अधिक कैफियत कधी दिली नाही. पायरीगणिक उपयोग वाढावा आणि पायरीगणिक प्रतिष्ठा उतरावी, असा हा प्रवास मी कित्येक लुगड्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिला आहे.

सेवानिवृत्तीनंतर मनुष्याने काही ना काही खाते सांभाळावे, नाहीतर घरातली माणसे त्याला भाजी निवडावयास बसवितात, हे ओळखून मी धुण्याच्या यंत्राचे खाते आपण होऊन मागून घेतले. आता आम्ही पुण्यात, चौथ्या मजल्यावर, मुलगा, सूनबाई आणि महाविद्यालयात शिकणारी नात यांच्यासह राहतो. मी लहान असताना धुण्याचा साबण म्हणजे टाटांचा ५०१ बार. तो दोऱ्याने कापून त्याच्या वड्या पाडणे हे माझे काम असे. पुढे १९५९ साली सर्फची पूड आली, १९६९ च्या सुमारास अहमदाबादेकडून निरमा निघाली, आणि साबणाची जागा पुडीने घेतली. त्यात एक सोय मात्र झाली. जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी त्याचा चिकट साका होऊन तो कपड्यात बसे. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही त्यात साबणही कामास येत नाही, एवढे रसायनशास्त्र प्रत्येक गृहिणीला येत असते. पुडीला हे वावडे नाही. परंतु पूड अंमळ जास्त घातली म्हणजे कपडा अंमळ जास्त स्वच्छ होतो, हा जो हिशेब मी मनाशी मांडला तो साफ चुकीचा निघाला. जास्तीची पूड कपड्यातच मुक्काम करते आणि अंगाला खाजवीत बसते. ही गोष्ट मला सांगितली ती दुकानदाराने नव्हे.

त्याच उत्साहात एक निळसर, सुवासिक द्रव मी घरात आणला. कपडे मऊ करण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि ते त्याने इतक्या निष्ठेने बजावले की आठवडाभरात आमचे टॉवेल मांजराच्या पाठीसारखे लागू लागले. अडचण एवढीच की त्यांनी अंग पुसणे सोडून दिले. मी पाठ पुशी, आणि पाणी पाठीवरच इकडून तिकडे जागा बदलीत राही. वास्तविक हा फासेदार टॉवेल मूळचा तुर्कस्तानच्या हमामखान्यांतला. इंग्रजांनी १८५१ सालच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात यंत्रावर विणलेला टॉवेल मांडला, आणि पुढे आमच्या सोलापूरकरांनी त्यात असे नाव काढले की आज सोलापुरी चादरीबरोबर सोलापुरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. त्याची सगळी करामत त्या उभ्या फाशांत. आणि तो सुवासिक द्रव नेमका त्या धाग्यांवर स्निग्ध पदर चढवतो. टॉवेलाची छत्री होते. ‘बाबा, अहो टॉवेलना ते घालायचं नसतं,’ सूनबाई म्हणाल्या. मी तत्काळ पंच्याकडे परतलो. पंचा हे भारतीय बुद्धिमत्तेचे शिखर आहे असे माझे मत असून, विरळ विणीचे ते दोन हात कापड सबंध माणूस कोरडा करून तासाभरात स्वतःही कोरडे होते. तो सुवासिक द्रव मात्र मी टाकून दिला नाही. सरकारी नोकरीत राहिलेला मनुष्य काहीही टाकून देत नाही.

एवढ्यात २०२० साल उजाडले, आणि सबंध मनुष्यजातीला तोंडावर फडके बांधण्याचा हुकूम सुटला. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी शिवावयाच्या मुखपट्ट्यांसंबंधी एक पुस्तिका काढली होती, तीत धुलाईचे कलम होते: साबणाने कोमट पाण्यात धुवून कडक उन्हात किमान पाच तास वाळवावी, ऊन नसेल तर प्रेशर कुकरमध्ये पाण्यात घालून किमान दहा मिनिटे ठेवावी, पाण्यात मीठ घातल्यास उत्तम. मी आयुष्यभर परिपत्रकांची अंमलबजावणी केलेला मनुष्य. मी पाटीखालचा कुकर काढला, त्यात नऊ मुखपट्ट्या आणि चिमूटभर मीठ घातले, आणि शिट्टी लावणार तोच सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. ‘ज्यात वरण शिजतं त्यात नाकाचं फडकं?’ त्यांच्या स्वरात जे होते ते कोणत्याही परिपत्रकात बसणारे नव्हते. अखेरीस तह झाला. माळ्यावरचा, दांडी तुटलेला जुना कुकर या कामी मुक्रर करण्यात आला, आणि त्याच्या शिट्ट्या पुढे वर्षभर आमच्या गॅलरीतून ऐकू येऊ लागल्या. टाळेबंदीत लोकांना दुसरा उद्योग नव्हता. शेजारच्या बाई भिंतीपलीकडून विचारीत, ‘आज काय, वाटाणे का?’ आणि सौभाग्यवती, ज्यांनी जन्मात असत्य भाषण केले नाही, ‘हो, कडवे वाल,’ असे उत्तर देऊन कपाळाला हात लावीत.

पहिल्याच खेपेला त्या नवांपैकी एक मुखपट्टी लाल खणाची असल्यामुळे बाकीच्या आठही गुलाबी होऊन बाहेर पडल्या, ही गोष्ट तपशिलासाठी नमूद करून ठेवतो, कारण पुढील प्रकरणात माझ्या बचावाचा तो मुख्य आधार होता. कुकर नसेल तर साध्या भांड्यात पंधरा मिनिटे उकळावी, असेही त्याच पुस्तिकेत त्याच पानावर होते. मी तेथवर वाचले नव्हते.

आता मूळ खटला. गतवर्षी एका सकाळी नात परीक्षेच्या घाईत बाहेर पडली, आणि यंत्राचे खाते माझ्याकडे असल्यामुळे न्हाणीघराची दैनंदिन तपासणी करीत असता मला कोपऱ्यात झाकण घातलेली एक लहान बादली आढळली. झाकण काढले. आत थंड पाण्यात फुलाफुलांच्या सुती कापडाच्या पाच-सहा जाडसर घड्या भिजत घातल्या होत्या. प्रत्येकीला दोन बाजूंना दोन पंख, आणि पंखांना टिचबटणे. मी दीर्घकाळ विचार केला. आकार लांबट होता, पदर अनेक होते, बांधण्याची सोय होती. या लक्षणांवरून ही नव्या बनावटीची मुखपट्टी असून कानांना दोऱ्या काचतात म्हणून बटणे योजिली असावीत, असा निष्कर्ष मी काढला, आणि आजच्या पिढीच्या कल्पकतेचे मनोमन कौतुकही केले. पाण्याला लालसर छटा होती. तिचा उलगडा मला तत्क्षणी झाला: पुन्हा कोणीतरी खणाचे कापड वापरले होते, आणि रंग सुटत होता. परीक्षेला गेलेल्या पोरीचे काम परस्पर उरकून तिला चकित करावे, या शुद्ध वात्सल्याने मी त्या घड्यांवर दोन तांबे उकळते पाणी ओतले, वर झाकणभर पूड घातली, आणि अखेरीस, त्या मऊ व्हाव्या म्हणून, कपाटात जपून ठेवलेला तो निळसर सुवासिक द्रव सढळ हाताने अर्पण केला.

सायंकाळी चौकशी बसली. ‘आबा, बादलीला तुम्ही हात लावलात?’ मी सविस्तर निवेदन केले. निवेदनाच्या मध्यावर सूनबाई दूध उतू जात असल्याचे सांगून आत गेल्या. दूध त्या वेळी फ्रीजमध्ये होते. सौभाग्यवतींनी पदर तोंडाला लावला. नात मात्र जराही न अडखळता, एखाद्या प्रयोगशाळेतील उपकरणाविषयी बोलावे तशी म्हणाली, ‘आबा, ते मास्क नाहीत. ते माझे पॅड आहेत. पाळीचे.’

डोक्यावरचा पंखा तीन पात्यांचा आहे आणि त्यांपैकी एकावर कंपनीच्या नावाची चिठ्ठी अजून तशीच आहे, हे मला त्या सायंकाळी प्रथमच दिसले. बराच वेळ दिसत राहिले.

पंख्यावरून मी खाली उतरलो तो सौभाग्यवतींच्या आवाजाने. ‘अहो, उकळतं पाणी कुणी घालतं का त्याला? चीक तापवला की काय होतं?’ ‘खरवस,’ मी उत्तरलो. ‘मग त्या खरवसाचा परत चीक करून दाखवा.’ गेल्या पन्नास वर्षांत इतके निःसंदिग्ध शास्त्रीय विवेचन माझ्या ऐकण्यात आले नाही. रक्तातही चिकासारखीच प्रथिने. उष्णतेने ती गोठतात आणि धाग्याला अशी धरून बसतात की मग साबणाची मात्रा चालत नाही. थंड पाण्यात तीच निमूटपणे सुटून येतात. ‘आम्हाला आईनं एवढंच सांगितलं होतं,’ सौभाग्यवती नातीला म्हणाल्या, ‘गार पाणी. आधी गारच पाणी. का ते नाही सांगितलं. आणि कोणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही.’

दरबारात कधीही हजर नसलेले वस्त्र ते हेच. वाईच्या वाड्यात ते कोठे वाळत असे हे मला त्या सायंकाळी, साठ-पासष्ट वर्षांनंतर, सौभाग्यवतींच्या माहेरच्या रीतीवरून अनुमानाने कळले: न्हाणीघराच्या मागच्या भिंतीशी, नाहीतर गोठ्यातल्या खुंटीवर, आणि तेथेही उघडे नव्हे, तर वरून एक जुनेर पांघरून. ज्या कापडाला सर्वांत अधिक उन्हाची निकड ते सर्वांत ओलसर अंधारात. पावसाळ्यात तर ते कधी पुरते वाळतच नसेल. मासिक धर्माला आपल्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणत. पण त्या कापडाला मात्र जन्मात कावळा शिवला नाही, कारण ते जेथे असे तेथे कावळाच काय, वाराही पोचत नसे. आणि माझ्या मनात एकदम आले, की आजीचे सोवळ्याचे सुती लुगडे विटल्यावर त्याची धडपी जात होती कोठे? म्हणजे आढ्यालगतच्या दांडीवरून उतरलेले कापडच शेवटी गोठ्यातल्या खुंटीवर पोचत होते. वरही त्याला शिवावयाचे नाही, खालीही शिवावयाचे नाही. हुकूम तोच, केवळ कारण उलटे.

यानंतर नातीने मला, मी फारसे विचारले नसता, पुष्कळ माहिती पुरविली. विकतचे पॅड ही युद्धाची उपज आहे; पहिल्या महायुद्धात जखमांसाठी लाकडाच्या लगद्यापासून जे शोषक वेष्टन करीत ते परिचारिकांनी आपल्या सोयीसाठी वापरले, आणि त्यावरून १९२० च्या सुमारास कोटेक्स बाजारात आले. आमच्या सरकारने त्यावरील बारा टक्के वस्तू व सेवा कर २०१८ च्या जुलैत माफ केला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या निम्म्या मुलींनी आपण कापड वापरतो असे सांगितले, पुष्कळींनी पॅडच्या जोडीने. वापरलेल्या पॅडमधले प्लास्टिक कुजत नाही, आणि कचरा हाताने निवडणाऱ्या बायकांच्या ते थेट हाती लागते. म्हणून पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा अशी मोहीम चालविली. या लाल ठिपक्याने मात्र मी भारावून गेलो. आमच्या दप्तरात गोपनीय लखोट्यावर लाल शाईची खूण असे, आणि तो उघडण्याचा अधिकार कोणाला याविषयी स्वतंत्र नियम होते. बादलीच्या झाकणावर असा एक ठिपका असता तर पुढचा प्रसंग टळता, असे मी नम्रपणे सुचविले. दुसऱ्याच दिवशी तो ठिपका तेथे आला, आणि त्याखाली माझे नाव.

खरवस झालेल्या त्या सहा घड्यांचे डाग गेले नाहीत. सुवासिक द्रवाचा पदर उतरवावयास नुसत्या पाण्याचे पाच-सहा फेरे लागले. प्रायश्चित्त म्हणून मी धुलाईचे नियम नातीच्या तोंडून लिहून घेतले आणि ते शासकीय मसुद्यात बसवून यंत्रावर चिकटविले. ‘विषय: सुती वैयक्तिक वस्त्रांची धुलाई. संदर्भ: तोंडी हुकूम, दिनांक मजकूर. उपरोक्त वस्त्रे वापरानंतर शक्य तितक्या सत्वर थंड पाण्यात भिजवावी, भिजवणीची मुदत तासांत मोजावी, दिवसांत नव्हे, पूड बेताची, सुवासिक द्रव वर्ज्य, पूर्ण कोरडी झाल्याखेरीज घडी घालू नये, ऊन अनिवार्य.’ शेवटच्या दोन शब्दांखाली नातीने दोन रेघा ओढल्या.

या दोन रेघांनी आमच्या गॅलरीतील सर्व मानमरातब उलटापालटा झाला. गॅलरीत दोरीने ओढून वर न्यावयाच्या सहा दांड्या आहेत, आणि दहा ते एक या वेळात फक्त बाहेरच्या दोन दांड्यांवर कडक ऊन येते. आजवर त्या दोन्ही माझ्या आणि चिरंजीवांच्या सदऱ्यांकडे वहिवाटीने होत्या. आता पहिलीवर नातीच्या फुलाफुलांच्या घड्या आल्या, दुसरीवर हातरुमाल, आणि सदरे आतल्या रांगेत सरकले. पहिल्या दिवशी मला राहवले नाही. रस्त्यावरून दिसू नये म्हणून मी कोणाला न कळत बाहेरच्या अंगाने माझा पंचा टांगला. तासाभराने आतून आवाज आला, ‘आबा, पंचा काढा, ऊन अडतंय.’ मी काढला. समोरच्या इमारतीतील एक गृहस्थ, जे पक्षिनिरीक्षणाच्या मिषाने दिवसभर आमच्याच गॅलरीचे निरीक्षण करतात, त्यांनी संध्याकाळच्या फेरीत विचारले, ‘नवीन काहीतरी दिसतंय तुमच्याकडे. रुमाल का?’ मी ‘हो’ म्हणालो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते उत्तर सर्वस्वी चुकीचे होते, आणि त्याची बोच मला पुढे दोन दिवस होती.

गेल्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आभाळ भरून येण्यापूर्वी ज्या दोन-चार सूचना यावयास हव्यात त्यांपैकी एकही आली नाही. एकदम धुळीचा लोट उठला आणि टपोरे थेंब पडू लागले. घरात आम्ही दोघेच, आणि सौभाग्यवतींचे हात कणकेत. ‘अहो, कपडे!’ एवढाच पुकारा झाला. मी धावलो. सहा दांड्या, दहा बोटे, आणि दुसऱ्या दिवशी एका मित्राच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी म्हणून मुद्दाम खळ करून वाळत घातलेला माझा नवा पांढरा सदरा वाऱ्यावर हात उभारून मला बोलावीत होता. मी पंचा ओढून जमिनीवर पसरला, बाहेरच्या दांडीवरच्या सगळ्या घड्या त्यावर काढल्या, त्यांवर रुमाल टाकले, आणि चारही टोके धरून ३१ वर्षांच्या सरावाची दप्तरी गाठ मारली. गठ्ठा कोरडा घरात आणला. मागे वळून पाहतो तो गॅलरीच्या पुढच्या निम्म्यात पाणी पोचले होते, आणि सदऱ्याची खळ पांढऱ्या ओघळांनी खाली उतरत होती.

‘सदरा?’ सौभाग्यवतींनी कणकेचे हात तसेच वर धरून विचारले. मी गठ्ठा दाखविला. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता हात धुवून सदरा पिळला.

पाऊस चालूच होता. गॅलरीत जागा नव्हती, खोल्यांतून दोऱ्या बांधून झाल्या होत्या, तेव्हा तो सदरा न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीवर गेला, आणि त्याच्यावर माझा ओला पंचा. दुसरा दिवसही तसाच गेला. सहस्रचंद्रदर्शनाला मी जुना, कोपरावर विटलेला सदरा घालून जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी दार लावले की कुबट वास येऊ लागला. त्याला निदान पंख्याखाली तरी आणावे, असे मी सुचवून पाहिले.

‘राहू दे की तिथेच,’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘कोणाच्या नजरेला तर पडत नाही.’